उभी पेनी

विल्फ हॅल्सॉलने आयुष्यात कधी कशाची तक्रार केली नाही, आणि आमच्या हॅस्लो गावात हा मोठा सद्गुण समजला जायचा. जेवण कसं झालंय म्हणून बायकोने विचारलं तर तो म्हणायचा, "बरंय." मुलगी झाली तेव्हा दोस्तांनी विचारलं, पोरगी कशी आहे रे? "बरीय." पाठ धरली, गुडघा सुजला, सासू वारली, तरी उत्तर तेच. उत्तर इंग्लंडातल्या आमच्या लँकशरचा माणूस फार खूश झाला की "बरंय" म्हणतो आणि फार दुखलं-खुपलं तरीही "बरंय"च म्हणतो. त्यातला फरक ज्याचा त्याने ओळखायचा. आपल्याला तो ओळखता येतो, अशी त्याच्या बायकोची, एडनाची, लग्नापासूनची समजूत होती.

एडना पिलिंगच्या कारखान्यात होती. पिलिंग म्हणजे लॉऱ्या. आमच्या गावात "पिलिंगमध्ये आहे" एवढं सांगितलं की मुलीचा बाप पुढे चौकशी करत नसे. एडना गाद्यांच्या विभागात लॉरीच्या सीटा शिवायची. घोड्याचे केस ठासून भरायचे, वर जाड काळं रेक्झिन ताणायचं, खिळे मारायचे. तिच्या हाताची शिलाई कधी उसवली नाही, आणि हे ती स्वतःच सांगायची, कारण दुसरं कुणी सांगण्याची आमच्याकडे पद्धत नाही. तिचा थोरला भाऊ क्लिफ रिग्बी त्याच कारखान्यात इंजिनं बसवायचा आणि युनियनचा पुढारीही होता. विल्फ हा डक्सबरी नावाच्या मालवाहतूकदारांकडे ड्रायव्हर. डक्सबरींच्या साऱ्या लॉऱ्या पिलिंगच्या. म्हणजे इंजिन भावाने बसवायचं, सीट बहिणीने शिवायची आणि त्यावर नवऱ्याने बसायचं. घरचाच कारभार म्हणा ना.

पिलिंगची एक रीत होती. नवी लॉरी तयार झाली की ती न्यायला मालक नाही, जो चालवणार तो ड्रायव्हर स्वतः यायचा. येताना इंजिनवाल्यांसाठी मनुका भरलेल्या एकल्स केकचा मोठा पुडा आणायचा. क्लिफ इंजिन चालू करायचा, ते लयीत आलं की खिशातून पेनीचं एक नाणं काढायचा आणि चालत्या इंजिनाच्या डोक्यावर कडेवर उभी करायचा. इंजिन चालू आणि पेनी ताठ उभी! लोक श्वास रोखून बघायचे. पेनी उभी राहिली की लॉरी पास. मग तीच पेनी ड्रायव्हरला द्यायची आणि त्याने ती केबिनमध्ये जपून ठेवायची. विल्फने आपली पेनी पुढच्या काचेखालच्या फटीत खोचून ठेवली होती. पुढे सरकारने जुनी पेनी मोडीत काढून नवी आणली, तेव्हा क्लिफ फार चिडला. "ही कसली पेनी? हे तर शर्टाचं बटण," तो म्हणाला. त्याने तंबाखूच्या डब्यात जुन्या जाडजूड पेन्या साठवून ठेवल्या आणि त्यांवर कारखान्याची रीत चालू ठेवली.

दुसरी रीत हॉटपॉटची. डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी पिलिंगच्या कॅन्टीनमध्ये आसपासच्या साऱ्या ड्रायव्हरांना जेवण असायचं. मटण-बटाट्याचा हॉटपॉट, सोबत लाल कोबीचं लोणचं आणि बीअर. वाढायला गाद्यांच्या विभागातल्या बायका. जेवण रंगात आलं की हॅरल्ड पिलिंगसाहेब उभे राहायचे. त्यांच्या आजोबांनी कारखाना काढलेला. चष्मा पुसत ते विचारायचे, "बोला मंडळी, आमच्या लॉरीबद्दल काही तक्रार?"

"काही नाही, साहेब. झकास आहे."

"तुमच्याकडे?"

"बरीय, साहेब."

प्रत्येक टेबलावर हेच. मग साहेब समाधानाने बसायचे, कारखान्याचा ब्रास बँड वाजायला लागायचा आणि आपण जगात उत्तम लॉऱ्या बनवतो याची सगळ्यांना पुन्हा वर्षभराची खात्री पटायची.

चौऱ्याहत्तर सालच्या नोव्हेंबरात डक्सबरींच्या आवारात एक स्वीडिश लॉरी येऊन उभी राहिली. लाल, उंच, आणि नाकी डोळी नीटस. महिनाभर वापरून बघा, आवडली तर ठेवा, असा सौदा होता. डक्सबरींना सहा नव्या लॉऱ्या घ्यायच्या होत्या. त्यांनी विल्फला बोलावलं, कारण त्यांच्या आवारात नवी गाडी आधी सगळ्यांत जुन्या ड्रायव्हरला द्यायची रीत होती.

"विल्फ, तू हिला ग्लासगोला ने, आण. महिन्याने मला एका शब्दात सांग. तू नको म्हणालास तर सहाच्या सहा पिलिंग. हो म्हणालास तर सहा या."

"मालक, माझ्यावर कशाला टाकता?"

"कारण बाकीचे मला खूश करायला बोलतील. तू नाही बोलणार."

विल्फने टोपी डोक्यावरून काढली, पुन्हा घातली आणि घरी आला.

बातमी त्याच्या आधी पोचली होती. रविवारी क्लिफ जेवायला आला तो टोमणे घेऊनच.

"काय गड्या, आता हेरिंग मासा खायला सुरुवात कर. बटाट्यावर स्वीडनची लॉरी पळत नाही म्हणतात."

"गप रे क्लिफ," एडना म्हणाली.

"आणि केबिनमध्ये पलंग आहे म्हणे! ड्रायव्हर आहे की नवरी? पलंग कशाला लागतो?"

"झोपायला," विल्फ म्हणाला.

"सहा लॉऱ्या, विल्फ," क्लिफ आता हसत नव्हता. "ऑर्डरी आटल्यात. या सहा गेल्या तर माझ्या हाताखालचे लोक ख्रिसमसनंतर घरी बसतील. डक्सबरी गेला की त्याच्या मागे बाकीचे जातील. तू काय सांगणार आहेस?"

"अजून चालवली नाही मी."

"चालवून काय ठरवायचंय? बायको पिलिंगची, मेहुणा पिलिंगचा. खाल्ल्या मिठाला जागायचं असतं."

एडनाला भावाचं म्हणणं पटलं होतं. नवरा नको म्हणेल आणि महिना सरेल, अशीच तिची धारणा होती. तिने विल्फला आणखी बटाटे वाढले आणि विचारलं, "कसं झालंय?" विल्फ म्हणाला, "बरंय."

सोमवारी विल्फ स्वीडिश लॉरीत कागदाचे रोल भरून ग्लासगोला गेला. ही फेरी म्हणजे एक मुक्काम ठरलेला. वाटेत शॅपचा चढ. भरलेली पिलिंग तो चढ माणसाच्या चालीने चढायची. चढावरच्या मेंढ्या मान वर करून तिच्याकडे बघायच्या, आणि कंटाळून परत चरायला लागायच्या. पिलिंग मात्र कधी थांबायची नाही, तापायची नाही, डिझेलही बेताचं प्यायची. आमच्या लोकांना त्याचाच अभिमान होता. शॅपवर धापा टाकत बंद पडलेल्या इतरांच्या लॉऱ्या दाखवून आम्ही म्हणायचो, सावकाश पण नक्की, ती आपली पिलिंग.

तर त्या सोमवारी संध्याकाळी एडना एकटीपुरतं अंडं उकडत होती आणि दार उघडून विल्फ आत आला.

तिच्या हातातला चमचा पडला. "काय झालं? कुठे ठोकलीस?"

"कुठेच नाही."

"मग ग्लासगो?"

"जाऊन आलो."

एडना त्याच्याकडे बघत राहिली. ग्लासगोहून आला की तो दोन दिवस कमरेत वाकलेला असायचा. डावा पाय ओढायचा. ती त्याच्या गुडघ्याला तेल चोळायची आणि तो म्हणायचा, वय झालं. आज तो सरळ उभा होता, आणि तिने हात धरून पाहिला तर तो गरम होता.

"शॅप?" तिने विचारलं.

"चढलो."

"म्हणजे कसा?"

विल्फने बराच विचार केला. "गप्पा मारत चढावा तसा," तो म्हणाला. त्या आठवड्यातलं हे त्याचं सगळ्यांत लांब वाक्य होतं. मग त्याने आपलंही एक अंडं उकडायला टाकलं.

त्याच आठवड्यात क्लिफने डाव टाकला. दुपारच्या सुट्टीत डक्सबरींनी ती लॉरी पिलिंगच्या फाटकासमोर आणावी, आपण पेनी लावू, असा निरोप त्याने धाडला. डक्सबरी गमत्या माणूस, त्यांनी हो म्हटलं. अख्खा कारखाना फाटकाशी लोटला. एडनाही शिवणाचं अंगुस्तान बोटातून न काढता तशीच बाहेर आली. शेजारी विल्फची जुनी पिलिंग आणून उभी केली.

आधी पिलिंग. क्लिफने पेनी ठेवली. पेनी उभी. एक कागद सरकला असता तरी कळलं असतं अशी शांतता, आणि मध्ये ते इंजिन, कामाला लागलेल्या शिवणयंत्रासारखं एकसुरात चाललेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग स्वीडिश. विल्फने खटका ओढला आणि तिची केबिन नमस्कार केल्यासारखी पुढे वाकली. खाली इंजिन उघडं पडलं. क्लिफने दुसरी पेनी काढली, ठेवली. ती थरथरली, फिरली आणि टणकन जमिनीवर पडली. क्लिफने पुन्हा ठेवली. पुन्हा पडली.

काय आरडाओरडा झाला! टोप्या उडाल्या. कुणी क्लिफला खांद्यावर घेतलं. पेनी पडली, पेनी पडली, असं पोरंसोरं दिवसभर ओरडत होती. वर खिडकीत पिलिंगसाहेब उभे होते, त्यांनीही हात हलवला. एडना गर्दीत होती आणि सगळ्यांबरोबर ओरडत होती. इतका आनंद गावाला बऱ्याच दिवसांनी झाला होता.

डक्सबरींनी जमिनीवरून पेनी उचलली, पुसली आणि क्लिफच्या हातात ठेवली. "शाब्बास, क्लिफ. पण मला ग्लासगोला पेनी न्यायची नाही, कागद न्यायचाय."

कुणी ऐकलं नाही. विल्फने ऐकलं.

शनिवारी दुपारी एडना डक्सबरींच्या आवारात गेली. विल्फ आपला चहाचा फ्लास्क जुन्या लॉरीत विसरला होता आणि तिला तो घासायला हवा होता. विल्फ आवाराच्या दुसऱ्या टोकाला दोरखंड गुंडाळत होता. एडना पिलिंगच्या पायरीवर चढली, दार उघडलं. फ्लास्क सीटच्या मागे होता. तो ओढताना हाताला काही तरी लागलं. ओढलं तर पोत्याची घडी. जुन्या तागाच्या पोत्याच्या तीन-चार घड्या, दोऱ्याने शिवलेल्या, पुरुषी वेड्यावाकड्या टाक्यांनी. मध्ये खोलगट झालेली, कडेला झिजलेली.

आधी तिला वाटलं, काही तरी पुसायचं असेल. मग तिने ती सीटवर ठेवून पाहिली. बरोबर बसली.

एडना ड्रायव्हरच्या सीटवर बसली. इतक्या सीटा शिवल्या, पण गाडीत बसवलेल्या सीटवर ती आयुष्यात कधी बसली नव्हती. बायकांचं काम सीट दरवाजापर्यंत पोचवायचं, पुढचं पुरुषांचं. बसली आणि तिच्या लक्षात आलं. सीटखालचा लोखंडी आडवा पट्टा बरोबर मांडीखाली रुतत होता. गादी वर फुगलेली, पण पट्ट्यावर नेमकी पातळ. पाय क्लचवर ठेवला तर पट्टा जास्तच रुतला. क्लच दोन्ही हातांनी दाबावा इतका कडक. पेडलच्या फटीतून वारा थेट पायावर येत होता. हीटर नव्हता, तो मालकाने वेगळा मागवायचा असतो, आणि मालक कशाला मागवतोय.

ती घडी बुडाखाली घेऊन पुन्हा बसली. आता थोडं सुसह्य झालं.

मग ती घडी घेऊनच उतरली आणि शेजारच्या लाल लॉरीत चढली. त्या सीटवर बसली तर सीट तिला घेऊन अलगद खाली गेली आणि तितक्याच अलगद वर आली. एडनाने वाकून खाली पाहिलं. गादीचं शिवण तिच्यापेक्षा चांगलं नव्हतं. टाके मोठे होते. पण सीट बनवणारीने आधी बसून बघितलं होतं.

विल्फ दोरखंड टाकून दाराशी आला. तिच्या मांडीवरची घडी पाहिली आणि त्याने टोपी काढली.

"हे कधीपासून?" एडनाने विचारलं.

"काय?"

"विल्फ."

"पहिल्यापासून," तो म्हणाला.

"मी विचारलं होतं तुला. प्रत्येक नव्या लॉरीच्या वेळी विचारलं. सीट कशी आहे? काय म्हणालास?"

"बरीय म्हणालो."

"मग?"

"अगं, तू शिवली होतीस ती. सीट वाईट आहे म्हणून तुला घरी येऊन काय सांगायचं? दिवसभर तू तिथे बोटं टोचून घेणार..."

"आणि आवारात मी डबा द्यायला यायचे तेव्हा ही घडी?"

"मागे सरकवायचो."

एडनाला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्हींत राग मोठा होता. "अरे मूर्खा, पट्ट्यावर बोटभर जास्त भरलं असतं मी! एका सकाळचं काम होतं. पट्टा मागे घ्या म्हणून वेल्डरला सांगितलं असतं, त्याने शिट्टी वाजवत केलं असतं. तुला कोण सांगतं बायकोची अब्रू राखायला? तुझ्या गुडघ्याला तेल चोळत बसले मी, आणि तो गुडघा मीच मोडला."

"तू नाही मोडलास."

"मग कुणी मोडला? सगळ्यांना हेच होतं का?"

विल्फने हातातली टोपी फिरवली. मग म्हणाला, "बर्ट उशी घेतो. ब्लॅकबर्नचा तो जाडा घोंगडीची गुंडाळी ठेवतो. थंडीत सगळेच पायाला वर्तमानपत्र गुंडाळतात."

"आणि हॉटपॉटला सगळे म्हणता, झकास आहे."

"साहेब जेवायला घालतात, एडना. घरच्या बायका वाढत असतात. तिथे कसं बोलणार?"

विल्फ चढून तिच्या शेजारी बसला. आवारात वारा होता, पण त्या केबिनमध्ये ऊब होती. शेवटी विल्फच म्हणाला, "मी डक्सबरींना नको म्हणून सांगतो. हिचं कौतुक केलं तर तुझ्या आणि क्लिफच्या पोटावर पाय येईल. गुडघा काय, सवय झालीय."

"आणि तू नको म्हटलंस, तर पुढल्या वर्षी दुसरा कुणी हो म्हणेल. झाकली मूठ किती दिवस झाकशील?" एडनाने ती घडी नीट दुमडली आणि काखेत धरली. "डक्सबरींना जे खरं आहे ते सांग. पण त्याआधी ज्यांनी इतकी वर्षं विचारलं, त्यांना सांग. शुक्रवारी हॉटपॉट आहे."

"मी? उभा राहून?"

"मी वाढायला असेनच. घाबरलास तर माझ्याकडे बघ."

शुक्रवारी कॅन्टीन गच्च भरलं होतं. पेनी पडल्याचा कैफ अजून उतरला नव्हता, क्लिफ टेबलाटेबलावर ती गोष्ट नव्याने सांगत होता. जेवण रंगात आलं. पिलिंगसाहेब उठले, चष्मा पुसला. "बोला मंडळी. यंदा तर विचारायलाच नको. तरी रीत म्हणून विचारतो. काही तक्रार?"

"काही नाही, साहेब. झकास."

"बरीय, साहेब."

विल्फच्या टेबलाची पाळी आली. विल्फ उठला. तोंड उघडलं आणि मिटलं. एडना लोणच्याचं भांडं घेऊन भिंतीशी उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं.

"साहेब, थंडी वाजते," विल्फ म्हणाला.

लोक हसले. त्यांना वाटलं, कॅन्टीनबद्दल बोलतोय.

"लॉरीत थंडी वाजते. पाय बधिर होतात. क्लच फार कडक आहे, माझा डावा गुडघा गेलाय. सीटखालचा पट्टा मांडीत रुततो. इंजिन चांगलं आहे, साहेब, पेनी उभी राहते. पण शॅपवर मागे गाड्यांची रांग लागते आणि लोक भोंगे वाजवतात. मी त्या स्वीडिश लॉरीने ग्लासगोला जाऊन संध्याकाळी घरी आलो. पाठ दुखली नाही. घरी येऊन अंडं खाल्लं." तो थांबला. अजून काही तरी सांगायचं राहिलं होतं, ते त्याला सापडेना. "एवढंच," तो म्हणाला आणि बसला.

क्लिफचा चेहरा पांढरा पडला होता.

मग कोपऱ्यातून ब्लॅकबर्नचा तो जाडा ड्रायव्हर, मान खाली घालूनच, म्हणाला, "थंडी वाजते, हे खरंय."

"उजव्या खांद्यावर पाणी गळतं," आणखी कुणी म्हणालं.

"आरशात काही दिसत नाही."

"कानाला दडे बसतात. बायको म्हणते, मी घरात ओरडून बोलतो."

धरण फुटावं तसं झालं. कुणी उठून, कुणी बसल्या जागी, जो तो बोलत सुटला. वर्षानुवर्षं पोटात ठेवलेलं सगळं बाहेर येत होतं, आणि मजा म्हणजे बोलताना त्यांना लाजही वाटत होती. प्रत्येक जण शेवटी "तशी बरीय म्हणा" असं जोडत होता. हॉटपॉट ताटात गार होऊन चरबी गोठली. बँडवाले वाद्यं मांडीवर घेऊन बसून राहिले. पिलिंगसाहेब उभेच होते. त्यांनी कुणालाही अडवलं नाही.

सगळे थांबल्यावर ते विल्फकडे वळले. आवाजात राग नव्हता. "हॅल्सॉल, मी दरवर्षी विचारत होतो."

"हो, साहेब."

"माझे वडील विचारायचे."

"हो, साहेब," विल्फ म्हणाला. "आम्हाला वाटायचं, रीत आहे."

क्लिफ उठला आणि दार आपटून बाहेर गेला.

सोमवारी, महिना पुरा व्हायच्या आधीच, विल्फने डक्सबरींना सांगितलं, "मालक, ती बरीय." डक्सबरींना फरक ओळखता येत होता. सहा लाल लॉऱ्या आल्या.

क्लिफने विल्फशी बोलणं टाकलं. क्लबमध्ये विल्फ आला की डार्ट्सच्या बोर्डापाशी अचानक जागा रिकामी व्हायची. कारखान्यात काही बायका एडनाच्या शेजारी डबा खाईनात. तिने आपलं काम केलं. पिलिंगसाहेब भला माणूस, त्यांनी नवी केबिन काढायला घेतली. सीटचं काम एडनाकडे दिलं. तिने ड्रायव्हरांना बोलावलं, एकेकाला बसवलं, आणि जो बरीय म्हणाला त्याला पुन्हा बसवलं. ती सीट इतकी चांगली झाली की तिच्यावर बसलेले लोक उठायला तयार नसत. क्लच हलका झाला. हीटर आला. जास्त ताकदीचं इंजिन मात्र काही महिन्यांत होणारी गोष्ट नव्हती, आणि तोवर रस्ते लाल, निळ्या परदेशी लॉऱ्यांनी भरून गेले. आमच्यासारखीच दुसऱ्या गावांतली नामांकित नावंही एकेक करून मिटत होती. एकोणऐंशीच्या वसंतात पिलिंगचं फाटक बंद झालं.

शेवटची लॉरी न्यायला एक बीअरवाल्यांचा ड्रायव्हर आला होता, एकल्स केकचा पुडा घेऊन. क्लिफने डब्यातली शेवटची पेनी काढली. ठेवली. उभी राहिली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

त्या संध्याकाळी हॅल्सॉलांच्या दारावर थाप पडली. क्लिफ होता. टोपी हातात. इतक्या वर्षांत त्याने हा उंबरा ओलांडला नव्हता.

"उभी राहिली," तो विल्फला म्हणाला.

"राहणारच."

"बरं इंजिन होतं."

"फार चांगलं होतं," विल्फ म्हणाला. "मी त्याच्याइतकं चांगलं इंजिन पाहिलं नाही."

क्लिफने मान वळवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पुसायलाही तो लाजत होता. एडनाने तिसरं ताट मांडलं. तिघं जेवायला बसली. क्लिफला एक प्रश्न विचारायचा होता आणि तो विचारता येत नव्हता, हे तिला दिसत होतं. शेवटी त्याने विचारलं, ताटाकडे बघत.

"तुम्ही लोक आधीच बोलला असतात, तर वाचलो असतो का रे?"

"माहीत नाही," विल्फ म्हणाला. "कदाचित नाही."

"पण कदाचित हो."

"हो."

एडनाने दोघांना वाढलं. मग तिने नेहमीचाच प्रश्न विचारला. "कसं झालंय?"

"बरंय," विल्फ म्हणाला.

एडनाने पळी खाली ठेवली. ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. विल्फने तिच्याकडे पाहिलं, क्लिफकडे पाहिलं, पुन्हा ताटाकडे पाहिलं.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"बटाटाही कच्चा आहे," क्लिफ हळूच म्हणाला.

एडना उठली. मिठाचं भांडं आणून तिने दोघांच्या मध्ये ठेवलं. "बघा," ती म्हणाली, आणि आता तिला रडू आवरेना, "एवढंच करायचं होतं."